जुनं प्रेम आणि घराचा उतारा

शहरात तीस-पस्तीस वर्षं नोकरी करून माणूस गावी परततो. बंद घराचं कुलूप गंजलेलं असतं, ते शेजाऱ्याला हाताशी घेऊन फोडावं लागतं. मग दोन-चार दिवसांत देवळाच्या पायऱ्यांवर नाहीतर पाणंदीच्या वळणावर त्याला 'ती' भेटते. केस पिकलेले, चष्मा लागलेला, पण ओळख पटायला वेळ लागत नाही. पुढचं सगळं वाचकाला पाठ आहे. दिवाळी अंकांनी, मालिकांनी आणि सिनेमांनी ही गोष्ट इतकी वापरली आहे की तिच्यातली मोठी फट आपल्याला दिसेनाशी झाली. ती तिथे कशी, हे कोणी विचारतच नाही. तिचं लग्न झालं असेल तर ती सासरी असायला हवी. लग्न झालंच नसेल तर इतकी वर्षं ती गावात कोणाच्या घरात आणि कोणाच्या जिवावर राहिली? नवरा गेल्यावर माहेरी आली असेल तर भावजयीच्या स्वयंपाकघरात तिची जागा कुठली? कथाकार या भानगडीत पडत नाही. नायकाला हवी तेव्हा आणि हवी तिथे तो तिला उभी करतो. माझं म्हणणं असं की मराठी मुलखात परतीच्या वाटेवर जुनं प्रेम पुन्हा जुळणं हा काळजाचा प्रश्न व्हायच्या आधी घराचा प्रश्न असतो. अशा प्रेमाला परतायला दोन घरं लागतात. त्याचं घर त्याला जन्मानं मिळालेलं असतं. तिचं घर मात्र लग्नाच्या मांडवात, अक्षता पडताक्षणी, माहेर होऊन बसतं. आणि माहेर कितीही मायेचं असलं तरी तिथे जायला निमित्त लागतं, आणि राहायला मर्यादा असते.

आपल्याकडची सोयरीक कशी चालते ते पाहिलं की ही फट कशी पडली ते कळतं. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात भारतातल्या नातेसंबंधांचे प्रदेश पाडून दाखवले. उत्तरेत मुलगी लांब, अनोळखी घरात द्यायची. दक्षिणेत नात्यातच द्यायची. महाराष्ट्र या दोन रीतींच्या मधोमध. इथे अनेक जातींत मामाची मुलगी करायची मुभा आहे, किंबहुना तिच्यावर आतेभावाचा हक्कच समजतात. पण गावातल्या गावात बघाल तर एकाच भावकीची घरं एकमेकांना चिकटून असतात, आणि शेजारची मुलगी नात्यानं बहीण लागते. म्हणजे शेजारच्या अंगणातल्या मुलीवर जीव जडला तर ते बोलायची सोय नाही, आणि जिच्यावर जीव जडलेला चालतो ती राहते आजोळी, दुसऱ्या गावात. दोघींच्याही वाट्याला पुढे एकच येतं. वीस-बाविसाव्या वर्षी त्या गाव सोडतात. कुठलंही खेडं घ्या, पंचविशीच्या पुढच्या बहुतेक बाया बाहेरून आलेल्या सुना असतात आणि गावात जन्मलेल्या मुली इतर गावांच्या सुना झालेल्या असतात. परतलेल्या पुरुषाला गावात वहिन्या भेटतील, काकू भेटतील, सुना भेटतील. ज्या मुलींबरोबर तो ओढ्यात डुंबला, चिंचा पाडल्या, एका फळ्यावर बाराखडी शिकला, त्यांच्यापैकी एकही तिथे असायचं कारण नाही. त्याचं बालपण निम्मं गावात शिल्लक आहे आणि निम्मं तालुक्याच्या दहा गावांत वाटलं गेलं आहे.

तर मग ती भेटणार कधी? पंचांग पाहून. नागपंचमीला, गौरींना, दिवाळीत भाऊबीजेला, गावच्या जत्रेला. खानदेशात आखाजी हा खास माहेरवाशिणींचा सण, झाडाला झोके बांधून गाणी म्हणण्याचा. या मोजक्या दिवसांतच गावच्या लेकी गावात दिसतात, आणि त्याही कोणाच्या तरी आई म्हणून, हाताशी पोरं आणि खांद्याला बॅग. आपण हे माणसांपुरतं ठेवलेलं नाही, देवीलाही हाच नियम लावला आहे. भाद्रपदात ज्येष्ठा गौरी येतात त्या माहेरवाशिणी म्हणूनच. अनुराधा नक्षत्रावर येणं, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि जेवण, मूळ नक्षत्रावर निरोप. गौर आणतानाचा प्रसंग बारकाईनं पाहण्यासारखा असतो. उंबऱ्यापासून देवघरापर्यंत रांगोळीनं नाहीतर कुंकवाच्या हातानं पावलं काढलेली असतात. त्या पावलांवरून गौर नेताना घरातली बाई तिला थांबवत थांबवत घर दाखवते. हे स्वयंपाकघर, हे कोठार, ही तिजोरी. काय काय भरलं आहे ते सांगते, सोन्यारुप्याच्या पावलांनी आलीस म्हणते. तिसऱ्या दिवशी दहीभाताचा नैवेद्य दाखवून, पुन्हा ये असं सांगून तिची पाठवणी होते. कोठार दाखवलं जातं, पण किल्ली हातात पडत नाही. देवी असूनही मुक्काम तीन दिवसांचाच. अशा घरात जी बाई आईवडिलांची लेक म्हणून येते तिनं जत्रेच्या गर्दीत कोणाकडे वळून पाहिलं, दोन शब्द बोलली, तर त्या बोलण्याचा हिशेब ती गेल्यावर भावाला द्यावा लागतो. तो हिशेब टळावा म्हणून ती बोलतच नाही.

बाईच्या मनात हे नव्हतं असं मात्र नाही. ते कुठे दिसतं हा प्रश्न आहे. गी पॉइत्वँ आणि हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. तो साठा चाळताना कोणालाही एक गोष्ट जाणवेल. आई आहे, बाप आहे, बंधुराया तर पानोपानी आहे, विठ्ठल आहे, माहेरची वाट आहे, वाटेवरची बाभळ आहे, लेक आहे. लग्नाआधी मनात भरलेला कोणी पुरुष मात्र क्वचित. प्रेमाची उघड भाषा लावणीत आली, पण लावण्या रचणारे शाहीर बहुतेक पुरुष होते. मोहिमेवर गेलेल्या नवऱ्यासाठी झुरणारी त्यांची नायिका त्यांनीच घडवली आणि त्यांनीच गायली. जात्यावर बसणाऱ्या बाईनं आपली ओढ घराकडे, विहिरीकडे, भावाकडे वळवली, कारण तेवढंच बोलता येत होतं. म्हणून माहेरच्या ओव्यांतला जिव्हाळा वाचताना मला नेहमी वाटतं की त्यात न बोललेलंही बरंच सामावलेलं असणार. हे सिद्ध करता येणार नाही, पण एका वाटेनं जाऊ दिलं नाही तर माणूस दुसरी वाट धरतो एवढं मानायला हरकत नसावी. बहिणाबाई चौधरी असोद्याच्या, दिल्या जळगावात. हे अंतर चालत जाण्याइतकं. तरीही त्यांच्या कवितेतलं माहेर हाकेच्या अंतरावरचं वाटत नाही, परदेशासारखं वाटतं. आई स्वतः सासर सोसते म्हणून लेकीला माहेर मिळतं, असा जो विचार त्यांनी मांडला तो आपल्याकडे गहिवरून सांगितला जातो. त्यातला व्यवहार कोणी पाहत नाही. माहेर ही मुलीची मालकी नव्हे, ती आईच्या तिथल्या हयातीवर अवलंबून असलेली सवलत आहे, आणि आई गेली की सवलत संपते.

कायद्यानंही बराच काळ हेच सांगितलं, आणि साहित्यापेक्षा स्वच्छ शब्दांत सांगितलं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलीला वडिलांच्या मालमत्तेत वारस केलं खरं, पण त्याच कायद्यात राहत्या घरापुरतं एक कलम होतं, तेविसावं. कुटुंबाचे लोक राहतात त्या घराची वाटणी मुलीला मागता येणार नाही. पुरुष वारस आपापले हिस्से पाडायला तयार होतील तेव्हाच तिचा हिस्सा. तोवर तिला त्या घरात राहायचा हक्क आहे का? आहे, पण ती अविवाहित असेल, नवऱ्यानं टाकलेली असेल, नवऱ्यापासून वेगळी झालेली असेल किंवा विधवा असेल तरच. हे कलम ९ सप्टेंबर २००५ पर्यंत पुस्तकात होतं. त्याचा अर्थ नीट वाचा. ज्या घरात ती जन्मली, रांगली, जिथल्या चुलीपुढे तिनं पहिली भाकरी थापली, तिथे हक्कानं राहायला यायचं तर आधी तिचा संसार मोडायला हवा किंवा तो मांडलेलाच नको. सुखात असलेली बाई आपल्या जन्मघरी पाहुणी. पुरुषाच्या परतण्याला अशी कुठलीही अट नाही. तो संसार थाटून येवो की मोडून, पैसा कमावून येवो की गमावून, पडवीत त्याची खाट पडतेच. परतीची गोष्ट इथेच दोन वेगळ्या गोष्टी होते, आणि आपण वाचत आलो त्या बहुतेक गोष्टी त्याच्या बाजूच्या.

कायदा बदलला तरी चाल बदलायला वेळ लागतो, आणि चाल कशी टिकते ते पाहायचं तर तालुक्याच्या दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात एक दुपार बसावं. वडील गेल्यावर वारस नोंद होते, फेरफार निघतो, सात-बाऱ्यावर भावांबरोबर बहिणींची नावं चढतात. मग भावाचा फोन जातो. ठरल्या दिवशी बहीण एस.टी.नं नाहीतर जावयाच्या मोटारसायकलवर मागे बसून येते. बाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात कागद तयारच असतो: हक्कसोडपत्र. आत गेल्यावर नंबर लागेपर्यंत ती बाकड्यावर बसते, भावजयीनं करून दिलेला डबा उघडते, भाच्यांची चौकशी करते. नंबर आला की कॅमेऱ्यासमोर बसून फोटो, यंत्रावर अंगठा, पानोपानी सह्या, दोन साक्षीदार. राजीखुशीनं देताय ना, असं कारकून विचारतो आणि ती पदर सावरत हो म्हणते. बाहेर पडल्यावर भाऊ तिला कापडाच्या दुकानात नेतो, साडीचोळी होते. किरकोळ मुद्रांकावर आणि एका साडीवर तिचा जन्मघराशी असलेला कायद्याचा संबंध संपतो. ती रडत नाही, रागावतही नाही. कारण तिला आयुष्यभर एकच गोष्ट सांगितली गेली आहे: वाटणी मागितली की माहेर तुटतं.

यावर जो आक्षेप येईल तो उथळ नाही, म्हणून त्याला सावकाश उत्तर द्यायला हवं. भाऊ म्हणेल, बहीण दिल्या घरी गेली, मी राबलो. आईवडिलांचं दुखणंखुपणं मी काढलं, विहिरीचं कर्ज मी फेडलं, कौलं दर पावसाळ्याआधी मी चाळली. तिच्या लग्नात हुंडा, मानपान झालं ते कोणी केलं? आणि जमीन आहे किती? २०१५-१६ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातलं सरासरी वहितीक्षेत्र १.३४ हेक्टर निघालं. ते चार भावंडांत फाडलं तर बांधच जास्त होतील. हे सगळं खरं आहे. आणि बहीण आनंदानं सोडते, तिचं भावावर प्रेम असतं, हेही खरं आहे. ते प्रेम खोटं ठरवायचा मला अधिकार नाही. पण दोन गोष्टी उरतात. एक म्हणजे, बहिणीची माया राखायला भावाला कधी कुठल्या कागदावर अंगठा द्यावा लागत नाही. किंमत एकाच बाजूनं मोजली जाते, आणि एकाच बाजूनं मोजल्या जाणाऱ्या किमतीला आपण राजीखुशी म्हणतो. दुसरी म्हणजे, मी शेताविषयी बोलतच नाही. शेत कसणाऱ्याकडे राहावं यात मोठं तथ्य आहे, आणि हुंडा हा वाटणीचा पर्याय धरला तर तो गेला सासऱ्याच्या घशात, तिच्या हाती काय लागलं? मी बोलतोय ते एका खोलीविषयी, परसदाराच्या एका किल्लीविषयी, भावजयीला न विचारता आठ दिवस जिथे राहता येईल अशा जागेविषयी. तेवढ्यानं शेताचे तुकडे पडत नाहीत. हक्कसोडपत्रात शेत सोडून घरातली एक खोली राखून ठेवायला कुठलाही कायदा आड येत नाही. पण तशी कल्पनाच कोणाच्या डोक्यात येत नाही, कारण दिल्या घरची लेक पुन्हा राहायला येईल तर दुःखातच येईल, असं आपण गृहीत धरून बसलो आहोत.

कोकणात मात्र हे चित्र उलटं झालेलं दिसतं, आणि उलटं झाल्यामुळे काय होतं तेही दिसतं. पिढ्यान्‌पिढ्या पुरुष मुंबईला गेला, गिरणीत लागला, गावकीच्या गाळ्यात आळीपाळीनं झोपला, खानावळीत जेवला. बायको गावी राहिली. भातशेती, गुरं, सासूसासरे, खळं सारवणं, लाकूडफाटा सगळं तिच्याकडे, आणि दर महिन्याला मनिऑर्डर. २०११ च्या जनगणनेत राज्यात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या, तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात ११२२ आणि सिंधुदुर्गात १०३६. राज्यात हजाराच्या वर गेलेले हे दोनच जिल्हे. दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्याही त्या दशकात घटली. इथला चाकरमानी शिमग्याला आणि गणपतीला परतायचा तेव्हा त्याचं जुनं प्रेम घरात होतं. ती त्याची लग्नाची बायकोच होती. वर्षातले पंधरा-वीस दिवस तेवढे एकत्र. मराठीत या प्रेमावर फारसं लिहिलेलं नाही याचं मला आश्चर्य वाटतं, कारण खरोखर गावी परतून पुन्हा पुन्हा जुळवावं लागलेलं प्रेम ते हेच. आणि त्यात एक वेगळीच गंमत आहे. नाव नवऱ्याचं असलं तरी घर चालवलं होतं तिनं. भात कुठल्या कणगीत आहे, कुठल्या कुणग्याला पाणी लागतं, वाडीत कोणाशी बोलणं बंद आहे, हे तिला ठाऊक. तो आपल्याच घरात पाहुण्यासारखा वावरायचा, चहाची वाट बघायचा. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले, आणि पुढे गिरण्याच आटल्यावर कित्येक पुरुष कायमचे गावी आले. तेव्हा अनेक घरांत पन्नाशीतल्या दोन माणसांना एकमेकांची सवय नव्यानं करावी लागली. काही घरांत ती झाली, काही घरांत दारूनं ती होऊ दिली नाही. पण जिथे झाली तिथे ती तिच्या अटींवर झाली असणार, कारण घराची नस तिच्या हातात होती.

माझ्या म्हणण्याला बाहेरचा पुरावाही आहे. तोही प्रेमकथांमधलाच, आणि कथाकारांनी तो नकळत पेरलेला नाही. जेन ऑस्टिनच्या मृत्यूनंतर, १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेली 'पर्सुएशन' ही कादंबरी म्हणजे जुनं प्रेम आठ वर्षांनी पुन्हा जुळल्याची इंग्रजीतली बहुधा सर्वांत गाजलेली गोष्ट. ती कशी जुळते? नायिका ॲन, तिचा बाप कर्जात बुडतो आणि पिढीजात वाडा भाड्यानं देतो. भाडेकरू निघतात नायकाची बहीण आणि तिचा नवरा. वाड्यावर ॲनचा हक्क नाहीच, तो लांबच्या चुलतभावाकडे जायचा आहे. म्हणजे नायक तिच्या आयुष्यात परत येतो तो तिच्या बापाचं घर तिच्या हातून सुटलं म्हणून, आणि शेवटी तिला मिळतो तो नवरा, घर नव्हे. ऑस्टिनला हिशेब चोख कळत होता. शरच्चंद्रांचा 'देवदास' १९१७ चा. तिथे पार्वती शेजारच्या घरातली, पण परतीच्या वेळी ती त्या गावात नाही, हातीपोत्याच्या जमीनदाराच्या वाड्यात आहे. म्हणून देवदासला मरायला तिच्या सासरच्या फाटकाशी जावं लागतं. फाटकाच्या आत त्याला जागा नाही आणि फाटकाबाहेर यायची तिला मुभा नाही. आणि आपला 'सैराट', २०१६ चा. आर्ची ट्रॅक्टर चालवते, बुलेट उडवते, बापाच्या शिवारात ती वाघीण आहे. सगळं आपलंच समजते. प्रेम उघडं पडताच कळतं की त्यातलं तिचं काहीच नव्हतं. ती माहेरी परतत नाही. माहेरच तिच्या दारात येतं, आईनं दिलेल्या भेटवस्तू हातात घेऊन. भावाला चहा करून देताना तिच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहिला की माहेर या सवलतीला बाई किती भुकेलेली असते ते समजतं. त्या भुकेचाच सापळा झाला.

आता दुसरा आक्षेप. तो रसिकांचा. प्रेम ही काय तलाठ्याच्या दप्तरातली नोंद आहे? आणि माणसं भेटतातच की. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ नॅन्सी कॅलिश यांनी दुरावलेल्या आणि पुन्हा जुळलेल्या प्रेमिकांच्या कहाण्या मोठ्या संख्येनं जमवल्या. त्यांत बरीचशी प्रेमं किशोरवयातली होती आणि पहिल्यांदा तुटण्यामागे घरच्यांचा विरोध हे कारण वारंवार येत होतं. म्हणजे अडथळा बाहेरचा होता, मनातला नव्हता, आणि तो सरला तशी माणसं जवळ आली. मला यात माझ्या म्हणण्याला विरोध दिसत नाही, दुजोरा दिसतो. बाहेरचा अडथळा सरावा लागतो, एवढंच मी म्हणतोय. ज्या समाजात बाई स्वतःची गाडी काढून स्वतःच्या घरी जाते तिथे तो लवकर सरतो. आपल्याकडे तो जात, भावकी, देवक, अब्रू अशा नावांनी उभा असतो आणि त्यांतल्या प्रत्येकाची पकड घराच्या मालकीतून येते. घरातून बाहेर काढण्याची धमकी ज्याच्यापुढे चालते तोच अब्रूला घाबरतो. मालमत्तेचा विचार प्रेमात आणू नये असं म्हणणाऱ्यांच्या खिशात बहुधा घराची किल्ली असते. शिवाय उतारवयात कोणी जोडीदार शोधायचं म्हटलं की मुलं पहिल्यांदा काय विचारतात? प्रेम आहे का, हे नाही. फ्लॅट कोणाच्या नावावर राहणार, हे. तेव्हा दप्तर प्रेमात आणणारा मी पहिला नाही.

आणखी एक गोष्ट परतीच्या गोष्टी लिहिणारे विसरतात. गाव सगळ्यांना परतण्याजोगं नव्हतं. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या गोडव्यांची सालं काढली होती, आणि ज्यांची घरं गावकुसाबाहेर होती त्यांना त्यासाठी भाषण ऐकायची गरज नव्हती. त्यांच्यातल्या मुलाचं गावातल्या मुलीवर मन जडलं असेल तर त्याच्या परत न येण्यामागे विसर नव्हता, शहाणपण होतं. सासर-माहेरचा हिशेब तिथे लागायच्या आधीच वेशीचा हिशेब लागतो. म्हणून माझं 'दोन घरं' हे म्हणणं तिथे अपुरं पडतं हे मान्य करतो. तिथे दोन घरांच्या मधला रस्ताही आधी मोकळा हवा. आणि विधवा होऊन गावात राहिलेल्या बाईला तर स्वतःच्या कपाळाचाही हक्क नव्हता. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवांच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं या प्रथा बंद करायचा ठराव केला आणि राज्य सरकारनं इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. ठरावानं मनं लगेच बदलत नाहीत. पण कुंकू लावून जत्रेत फिरणारी विधवा जिथे गावाला डोळ्यांनी पाहायची सवय होते तिथे तिच्याशी दोन शब्द बोलणाऱ्या पुरुषाकडेही लोक हळूहळू निराळ्या नजरेनं पाहतात.

उरला शेवटचा प्रश्न, बायांनाच हे हवं आहे का. जुनं प्रेम परतून मिळवायची हौस पुरुषांची; बाईला नातवंडं, गुडघे आणि पेन्शन यांपलीकडे उसंत नाही, असं म्हणतात. असेलही. पण जिला कधी निवडच मिळाली नाही तिची हौस मोजणार कशी? ती मोजायची वेळ आता येत आहे. महाराष्ट्रानं केंद्राच्या अकरा वर्षं आधी, २२ जून १९९४ पासून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानं हक्क दिला, फक्त त्या दिवसाआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनं तो हक्क देशभर नेला, तेविसावं कलम काढून टाकलं, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असावेत अशीही अट नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेल्या वाटण्या तेवढ्या शाबूत. हिशेब करा. १९९५ साली बावीस-तेविसाव्या वर्षी लग्न होऊन गेलेली मुलगी आज पन्नाशी ओलांडून गेली आहे. मुलं नोकरीला लागली, कोणाचा नवरा आहे, कोणाचा नाही. शिक्षिका असेल, नर्स असेल, तालुक्याच्या बँकेत असेल, थोड्याच वर्षांत निवृत्त होईल. जन्मघरात कायद्यानं पाहुणी नसलेली ही मराठी बायांची पहिली पिढी. तिनं भाऊबीजेला जाऊन त्या कागदावर अंगठा दिला असेल तर तिचीही गोष्ट ओव्यांसारखीच संपेल. दिला नसेल, तर एखाद्या मे महिन्यात ती एकटीच गावी उतरेल, असेसमेंटच्या उताऱ्यावरचं आपलं नाव पाहून ग्रामपंचायतीत घरपट्टी भरेल, आणि वाटेत कोणी ओळखीचं भेटलं तर किती वेळ बोलत उभं राहायचं ते तिचं ती ठरवेल.